भाकरीतला पाला

कचरूच्या घराण्यात शेवगा दारात लावत नाहीत आणि ताटातही घेत नाहीत. शेवगा आला की घर बसतं, असं त्याचा बाप सांगून गेला होता. कचरूने ते उभ्या जन्मात मोडलं नाही, म्हणून त्याच्या बायकोने, उषाबाईने, ते चोरून मोडलं. जालन्याहून काळजात कृत्रिम झडप बसवून आणला तेव्हा माणूस नुसता हाडांचा सापळा राहिला होता. बचत गटात आलेल्या ताईने शेवग्याच्या पाल्यात लोह किती, जीवनसत्त्वं किती, हे तोंड भरून सांगितलं होतं. उषाबाईने बांधावरचा पाला आणला, सावलीत वाळवला, कुटला आणि बाजरीच्या पिठात मिसळायला लागली. बाजरी मुळातच हिरवट, कोणाला काय कळतंय.

कचरू अंगाने भरला. पण तपासणीला गेलं की डॉक्टरांच्या कपाळाला आठी. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असूनही ते पातळ होईना, आणि घट्ट रक्ताने झडप अडकली तर माणूस जागच्या जागी जाईल, असं ते म्हणाले. शेवटी त्यांनी गोळी वाढवली. पालेभाजी फार खाता का, असंही विचारलं, कारण पाल्यातलं ‘के’ जीवनसत्त्व या गोळीच्या उलट काम करतं.

“मेथी कधीमधी,” कचरू म्हणाला. “शेवग्याला तर आमच्यात कुणी शिवत न्हाई.”

उषाबाईला भाकरीतला पाला आठवला. बोलावं तर चोरी उघडी पडणार. तिने पदराचं टोक दातांत धरलं.

घरी येताच तिने भुकटीचा डबा उकिरड्यावर उपडा केला आणि सुटकेचा निःश्वास टाकला. भाबडी बाई. डॉक्टरांनी गोळी वाढवली ती पाला पोटात असताना, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. पाला थांबला आणि वाढवलेली गोळी चालू राहिली.

पुढच्याच आठवड्यात सकाळी कचरूने चूळ टाकली ती लालभडक. हिरड्यांतलं रक्त थांबेना. दंडावर, कुठे आपटलेलं नसताना, काळेनिळे डाग उठले होते. आपण काय करून बसलो ते उषाबाईला आत्ता उमगलं, आणि तिने डॉक्टरांना फोन लावला.

फोनवर डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, खाण्यात काय बदललं. कचरू समोरच बसला होता, तोंडाला पंचा लावून.

“मी भाकरीत शेवग्याचा पाला टाकीत होते,” ती म्हणाली. “तुमच्याकडून आल्यापासून बंद केला.”

गोळी बिलकुल देऊ नका, असाल तसे निघा, असं डॉक्टरांनी बजावलं.

जीपमध्ये तिची मान वर होईना. शेवटी त्यानेच पंचा बाजूला केला.

“चव मला पह्यल्याच दिवशी कळल्ती.”

“मंग डॉक्टरला खोटं का बोलले?”

“बापाचा शब्द मोडल्याची लाज वाटली. आन् तू येवढं जीव लावून करून राह्यली, तुझं मन कसं मोडावं.”

उषाबाईने त्याचा हात घट्ट धरला. जालना तर लांबच, अजून वाटेतलं भोकरदनसुद्धा आलं नव्हतं, आणि पंचा पुरता भिजला होता.