तुडुमाची फळी

“आठव गा, उमराव. तीस सालात एखांद्या पाळीले तं चुकला असशीन,” चैतराम म्हणाला. चहाचा कप त्याने मघापासून हातात धरला होता, तोंडाला लावला नव्हता.

उमराव आठवतच होता. हरवलेली किल्ली शोधावी तसा तो कालपासून स्वतःचे पाप शोधत होता. सापडले तर निदान दार तरी उघडेल. गावच्या तलावाचे पाणी वाटायचे काम तीस वर्षे त्याचे. तुडूम, म्हणजे तलावातून पाणी सुटायचे तोंड, कधी उघडायचे, कोणाच्या धानाच्या बांधीला किती वेळ, कोणाच्या मागून कोण, सगळे तोंडपाठ. त्यात काही सापडेना. इतरत्र सापडले ते एवढेच, की लहानपणी शेजाऱ्याची बोरे पाडली होती आणि बिडी सोडली असे बायकोला दोनदा खोटे सांगितले होते. एवढ्यावर देव कोणाचा मुलगा नेत नसावा. पण आता त्याला कशाचीच खात्री उरली नव्हती.

मागच्या ज्येष्ठात मुलगा पीयूष वीज पडून गेला, बैलजोडीसकट. आणि परवा सकाळी सहा वर्षांच्या नातीला, डिंपलला, हाका मारल्या तर तिच्या पापण्याच उघडेनात. रात्री खाली जमिनीवर झोपेत मण्यार चावली होती. गोंदियाच्या दवाखान्यात आज तिसरा दिवस. श्वास मशीन घेत होते. सून रीता तिकडे होती, जवळ एकालाच राहू देत. फोन वाजला की उमराव अंगणात निघून जाई आणि फोन उचलायचा चंद्रकांताने, त्याच्या बायकोने.

“सुखरामनं तांदूळ पाह्यले,” चैतराम म्हणाला. सुखराम म्हणजे तलावाच्या पाळीवर, बांधावर, जी देवी, माय, आहे तिचा पुजारी; तांदळाचे दाणे टाकून तो तिचा कौल सांगे. “पान्याची चूक दिसून राहिली म्हन्ते.”

“कोनाची?”

“पानी कोन वाटते?”

“मी माया बांधीले सगळ्यायच्या मागून पानी देतो, चैत्या. यंदा माया धान वाळून राहिला, तूच पाह्यलास.”

“मले कायले सांगतेस? मायले सांग. आजच. पाच मानसायसमोर म्हन, चोरून पानी घेतलं, चुकलो. पोरगी उठून बसल.”

“अन घेतलंच नाई तं?”

चैतरामने कप खाली ठेवला. दोघे एकाच बांधीत चिखल खेळून मोठे झालेले. त्याचा आवाज एकदम बारीक झाला.

“मायी नात बी खालीच झोपते गा. तू काईच केलं नाई, अन तरी तुया घरी असं होते, तं मंग माया घरी कायच्यानं थांबल?”

समजूत घालायला आलेला माणूस आपल्याहून जास्त भ्यालेला आहे, हे उमरावला तेव्हा दिसले. त्याने त्याची भीती आणखीच वाढली.

चैतराम गेल्यावर चंद्रकांता दारात आली. “म्हनून टाका न. जीभ झडते का?”

“खोटं कसं म्हनू व? मायले तं सारं माहीत आहे. तिच्याच तोंडावर खोटं बोललो अन ती अखीन कोपली तं?”

“अन नाई बोलले अन पोरगी गेली तं?”

उमरावने चैतरामचा न प्यायलेला चहा अंगणात ओतला. मग म्हणाला, “माया तुडुमावर कोनी इचारलं तं मी सांगतो, बापा, याच्या मागून तुया नंबर. वर देवाकडे कशी लागते पाळी? कोनाले सांगतलं त्यानं?”

“हळू बोला,” चंद्रकांता म्हणाली आणि तिने वर पाहिले.

दुपारी पाळीवर दहाबारा माणसे जमली. तलाव अर्धा उतरला होता. उमराव मायसमोर खाली बसला. सुखरामने नारळ हातात घेतला. “म्हना भाऊ. भिऊ नका.”

“माय,” उमराव म्हणाला. “मी पानी...” सगळे पुढे झुकले. “मी पानी बरोबर वाटलं. पोरगी ठेव.”

सुखरामने नारळ खाली ठेवला. “असं कबूल नाई होत, भाऊ.”

“अजून बी घमेंड गेली नाई,” मागून कोणीतरी म्हणाले. बायका पोरांना घेऊन उठू लागल्या.

तेवढ्यात चंद्रकांता पुढे आली. डोक्यावरचा पदर नीट केला. “ह्यायले माहीत नाई. चूक मायी आहे. मागच्या साली मी ह्यायले डबा घेऊन येत होती. ह्ये जेवाले बसले का मी तिकडं जाऊन तुडुमाची फळी वर करत होती. आमच्या बांधीसाठी.”

क्षणभर उमरावलाच वाटले, केले की काय हिने? मग ‘फळी’ हा शब्द कानात अडकला. तुडुमाची फळी काढून लोखंडी चाक बसवले, त्याला आठ वर्षे झाली होती. चैतरामनेच सिमेंट कालवले होते. सुखरामने चाकाला कुंकू लावले होते.

उमरावने एकेकाकडे पाहिले. एकेकाला चाक आठवत गेले, आणि आठवले तशी एकेकाची नजर जमिनीकडे गेली. चाकाचे नाव कोणी काढले नाही. उमरावनेही काढले नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने नको तिकडे पाणी जाऊ दिले.

नारळ फुटला. खोबऱ्याचा तुकडा उमरावने तोंडात ठेवला, पण त्याला चाववेना. तो गालात तसाच राहिला.

मग चंद्रकांताच्या कमरेचा फोन वाजला. तिने आवाज मोठा केला. “आत्याबाई, बोट हालवलं तिनं,” रीता रडत होती. “डॉक्टर म्हन्तेत औषद लागू पडून राह्यलं. पन अजून दोन दिवस काई सांगता नाई येत.”

शेवटचे वाक्य कोणी ऐकले नाही. हात जोडले गेले. चैतराम रडत होता आणि हसत होता. “पाह्य गा, पाह्य.”

आता चंद्रकांताचे बोलणे खोटे होते असे उमरावला कधीच म्हणता येणार नव्हते. उद्या नाही, पोर घरी आल्यावर नाही, ती नांदायला गेल्यावरही नाही. म्हटले, आणि तिकडे ते बोट थांबले तर?

त्याने चंद्रकांताकडे पाहिले. ती एकटी उभी होती. बायका तिच्यापासून दोन पावले सरकल्या होत्या, आणि सगळ्यांना वाटून झालेला प्रसाद तिला कोणी दिला नव्हता.

तो उठला. तिच्यापाशी जाऊन त्याने गालातला तुकडा काढला, दाताने मोडला आणि अर्धा तिच्या हातावर ठेवला, सगळ्यांसमोर.

“उष्टं देऊन राहिले,” ती म्हणाली, आणि तिने खाल्ले.