नवरदेव काशीला निघाला तेव्हा

तेनकाशीत, म्हणजे दक्षिणेच्या काशीत, काशी या नावाची टंचाई कधीच पडली नाही. मोठ्या देवळात काशीविश्वनाथ. देवळासमोर काशी कॉफी क्लब. त्या क्लबाच्या मालकाचं नाव काशीनाथन आणि त्याच्या भावाचं काशीविश्वनाथन, त्यामुळे टपालवाल्याची नेहमीची पंचाईत. गोमतीशंकरनने लेकीच्या लग्नाला आचारी ठरवला तो काशी अय्यर, आणि काशी अय्यरने आदल्या दिवशी पहिलं काय शिजवलं, तर कोहळ्याचा काशी हलवा. त्यात भर म्हणजे जावई मिळाला तो शिवकाशीचा.

"अप्पा, खरी काशी सोडून बाकी सगळ्या काशा तुम्ही गोळा केल्यात," उलगम्माळ म्हणाली होती. घरात तिला उलगू म्हणत. मुलींच्या सरकारी शाळेत ती गणित शिकवायची. बरीच वर्षं बदली शिक्षिका म्हणून काढल्यावर गेल्याच वर्षी ती कायम झाली होती.

गोमतीशंकरन मुन्सफ कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेला. माणूस सरळ, पण बोलायची वेळ आली की खाली बघणारा. नोकरीभर साहेबापुढे "होय" म्हणाला, घरी थोरल्या बहिणीपुढे. बायको गेल्यापासून घर ही बहीणच चालवायची, कुप्पम्मा आत्या. तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा.

आडी महिन्यात, म्हणजे आषाढात, लग्नं होत नाहीत, म्हणून तो लागायच्या आत कार्य उरकायचं होतं. कुत्रालमच्या डोंगरावरून वारा सुटला होता. मांडवाचं कापड सारखं फडफडत होतं. आदल्या दिवशी दुपारीच वरपक्ष आला. मुलगा सुंदरम शिवकाशीच्या एका छापखान्यात चित्रं रंगवायचा, काड्यापेट्यांवरची, कॅलेंडरांवरची. हसरा, मितभाषी. त्याचे वडील लहानपणीच गेले होते आणि थोरले काका सीतापती यांनी त्याला वाढवलं होतं. सीतापती काका एकटे आले तरी वऱ्हाड आल्यासारखं वाटावं असे गृहस्थ.

संध्याकाळी पंगत बसली आणि सीतापती काका रंगात आले.

"शंकरन, तुमची काशी म्हणजे नक्कल हो! पांड्य राजा काशीहून लिंग घेऊन इकडेच निघाला होता ना? मग वाटेत आमच्या गावी गाय अडून बसली. पुढे म्हणून पाऊल टाकेना. लिंग राहिलं आमच्याकडे. तुमच्यापर्यंत काय पोचलं? नुसतं नाव!"

"राजाला लांबची काशी झेपेना म्हणून त्याने इथे देऊळ बांधलं," कुप्पम्मा आत्या वाढता वाढता म्हणाली. "गाय अडली ती तुमच्या गावाकडची असणार. तिकडच्या लोकांचा स्वभावच तसा."

पंगत हसली. काकाही हसले. मग ताकभाताचा घास घेऊन त्याच हसऱ्या आवाजात म्हणाले, "बरं, एक राहिलंच. मुलीला सांगा, लग्न झालं की शाळेत राजीनामा देऊन टाक. आमच्या घरच्या सुना नोकरी करत नाहीत. आणि ती इथं, हा तिथं, हे काय संसाराचं लक्षण आहे?"

गोमतीशंकरनच्या हातात ताकाचं भांडं होतं. या नोकरीसाठी लेकीने किती खस्ता खाल्ल्या ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने सुंदरमकडे पाहिलं. सुंदरम मान खाली घालून पानातला पापड मोडत होता. एकाचे दोन, दोनाचे चार. गोमतीशंकरनने तोंड उघडलं, आणि "अजून ताक?" एवढंच त्यातून निघालं.

पंगत उठल्यावर उलगू माजघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"अप्पा, तुम्ही काही बोलला नाहीत."

"बाई गं, मी मुलीचा बाप. आज का बोलायचा दिवस आहे?"

"मग बोलायचा दिवस कुठला आहे, तेवढं सांगा," ती म्हणाली, आणि मेंदी लावून घ्यायला आत निघून गेली.

सकाळी काशीयात्रा. आमच्याकडच्या लग्नात मुहूर्ताआधी नवरदेव रुसल्यासारखं करतो. संसार नको, मी निघालो काशीला, विद्या शिकायला, असं म्हणून धोतर नेसून, डोळ्यांत काजळ घालून, हातात छत्री, काठी, पंखा, पोथी घेऊन तो मांडवाबाहेर पडतो. चार पावलं गेला की मुलीचा बाप नारळ घेऊन आडवा येतो आणि म्हणतो, "काशीला जाऊ नका, माझी मुलगी देतो, संसार करा." नवरदेव लगेच मानतो. काशीस जावे नित्य वदावे, त्यातलाच प्रकार. आजवर कुणी गेलेलं नव्हतं.

नागस्वरम वाजू लागलं. सुंदरम निघाला. वाऱ्याने छत्री ओढली जात होती, ती सावरता सावरता त्याची तारांबळ उडत होती आणि बायका हसत होत्या. गोमतीशंकरन नारळ घेऊन पुढे झाला.

"म्हणा," गणपती शास्त्री म्हणाले, "काशीला जाऊ नका..."

गोमतीशंकरन बोलेना. रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. आणि आता त्याच्या ध्यानात आलं की, या सगळ्या लग्नात फक्त याच एका जागी सगळं त्याच्या शब्दावर अडलेलं आहे.

"आधी एक विचारायचंय," तो म्हणाला. "उलगूला शाळा सोडावी लागणार आहे का? मुलाने सांगावं."

नागस्वरम एकदम चिरकलं. सुंदरमने काकांकडे पाहिलं.

"हे काय चाललंय?" सीतापती काका कडाडले. "मंगल कार्य आहे की कोर्ट? आम्हाला पिंजऱ्यात उभं करता? चल रे सुंदरम, हो पुढे! बघू किती वेळ थांबवत नाहीत ते!"

सुंदरमला काकांचं ऐकायची सवय. तो पुढे झाला. सगळ्यांना वाटलं, कोपऱ्यावर थांबेल. कोपरा आला, तो थांबला नाही. वाजंत्रीवाल्यांना थांबा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तेही वाजवत त्याच्यामागे कोपऱ्यापर्यंत गेले, आणि तिथं मात्र काय करावं न कळून उभे राहिले. नवरदेव वळणाआड दिसेनासा झाला.

मांडवात एकच गिल्ला झाला.

"शंकरा!" कुप्पम्मा आत्याने कपाळाला हात लावला. "अरे, जन्मभर मूग गिळून बसलास, ते नेमके आज ओकलास?"

"मुहूर्ताला अजून अवकाश आहे," शास्त्री म्हणाले, "पण फार नाही."

गोमतीशंकरनने दाराकडे पाहिलं. उलगू तिथं हातात हार घेऊन उभी होती. ती रडत नव्हती. ती बापाकडे बघत होती, एखाद्या नव्या माणसाकडे बघावं तशी. त्या नजरेने त्याला धीर आला. नारळ तसाच हातात घेऊन तो निघाला.

"जा, जा, पाया पडायला जा!" काका मागून म्हणाले.

कोपऱ्यावर वाजंत्रीवाल्यांनी हाताने दिशा दाखवली. पुढे देवळाच्या रस्त्यावर फुलवाली बसली होती.

"नवरदेव होय? छत्रीवाला? गेला की देवळात. मी विचारलं, मापिळ्ळे, अहो जावईबापू, लग्न टाकून कुठं? तर म्हणतो, काशीला. मी म्हटलं, मग सरळ जा, समोरच आहे. चपला इथं काढा. त्या बघा."

खरंच, काशीयात्रेच्या नव्याकोऱ्या चपला तिच्या टोपलीशेजारी होत्या.

तेनकाशीच्या गोपुरातून आत गेलं की डोंगरातला वारा अंगावर असा येतो की माणसाला मागे लोटावं. तिथंच बाजूच्या ओट्यावर सुंदरम बसला होता. छत्री उलटी होऊन तिच्या काड्या बाहेर आल्या होत्या. गोमतीशंकरनला पाहून तो उठला.

"बसा मामा. इथं बोललेलं वाऱ्यावर जातं, कुणाला ऐकू येत नाही."

"तुम्ही पळून चालला होतात?"

"नाही हो. कोपऱ्यावर थांबणारच होतो. पण वाटलं, मागे वळलो की काका दिसणार, आणि त्यांना पाहिलं की मी पुन्हा गप्प बसणार. म्हणून चालत राहिलो." तो छत्रीच्या काड्या सरळ करू लागला. "मामा, एक सांगतो. तुम्ही रागवाल. मुलगी बघायला आलो तेव्हा आम्हाला परसात थोडा वेळ बोलू दिलं होतं. तिने एवढंच विचारलं, शाळा सोडावी लागेल का. मी म्हटलं, नाही."

गोमतीशंकरनच्या कानशिलात रक्त चढलं. "शब्द दिला होतात? आणि काल पानावर मुकाट बसलात?"

"तुम्हीही मुकाटच होता की."

गोमतीशंकरन ओट्यावर बसला. राग होता, पण तो कुणावर काढावा ते ठरेना. वाऱ्याने त्याचं उपरणं दोनदा तोंडावर आणलं.

"काकांनी मला जेवू घातलं, शिकवलं," सुंदरम म्हणाला. "त्यांना नाही कसं म्हणतात ते मला ठाऊकच नाही."

"मला कुणालाच म्हणता येत नाही," गोमतीशंकरन म्हणाला. "आज पहिल्यांदा म्हणालो, तर जावईच गेला."

सुंदरम हसला. मग गोमतीशंकरनलाही हसू आलं.

"शनिवारी शिवकाशीहून दुपारी गाडी आहे," सुंदरम म्हणाला. "संध्याकाळी इथं पोचते. रविवारी परत जाईन. पुढचं पुढे. लोक त्याहून लांब नोकऱ्या करतात. काकांना मीच सांगतो. तुम्ही फक्त मागे उभे राहा."

"मागे कशाला? नारळ माझ्या हातात आहे, मी पुढे चालतो. बरं, ते वाक्य राहिलंय. म्हणून टाकू का?" तो उठला, नारळ पुढे केला आणि शास्त्र्यांनी शिकवलेलं भरभर म्हणाला, "काशीला जाऊ नका, माझी मुलगी देतो, संसार करा."

जवळून एक म्हातारे गुरव अभिषेकाची घागर घेऊन चालले होते. ते थांबले. "काशीत उभं राहून काशीला जाऊ नका काय म्हणता? निघा, मुहूर्त टळेल."

दोघे परत येताना दिसले तशी वाजंत्रीवाल्यांच्या जिवात जीव आला, आणि त्यांनी इतकं जोरात वाजवायला सुरुवात केली की मांडवातल्या लोकांना काही सांगायची गरजच उरली नाही. सुंदरम सरळ काकांपुढे गेला. घसा खाकरला. वाद्यं थांबली.

"काका, ती शाळा सोडणार नाही. मी तिला आधीच शब्द दिलाय. काल सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ती माझी चूक."

"म्हणजे चारचौघांत मी खोटा पडलो?"

"खोटा मी पडलो. तुम्हाला ठाऊकच नव्हतं."

काकांनी उपरणं झटकलं. "सामान बांधा! या क्षणी निघायचं!"

"कसलं सामान?" हे त्यांच्या बायकोने, मंगळम काकूंनी म्हटलं. आदल्या दिवसापासून त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. "पोराला तो नऊ वर्षांचा असल्यापासून मी वाढवला. त्याचं लग्न बघितल्याशिवाय मी हलणार नाही. तुम्हाला जायचं तर छत्री आहे, काठी आहे, तुम्ही व्हा पुढे काशीला."

मांडव हसला. हसण्याने काका जास्तच लाल झाले. तेव्हा गोमतीशंकरन हात जोडून त्यांच्यापुढे उभा राहिला.

"मी मुलीचा बाप. पडतं घेणं माझं काम. मानपानात म्हणाल तिथे घेईन. एवढ्या एका गोष्टीत घेणार नाही. रागावू नका."

काका जाऊन खुर्चीवर बसले आणि कॉफी मागितली. आत्याने ती स्वतः नेऊन दिली, साखर जरा जास्त घालून.

पुढचं मग रीतीप्रमाणे झालं. उलगूला तिच्या मामांनी खांद्यावर घेतलं, सुंदरमला त्याच्या मामांनी. हार घालताना उलगू खाली वाकून म्हणाली, "काशीला जाऊन आलात म्हणे. तिथं आवडीचं काहीतरी सोडून यावं लागतं. काय सोडलंत?"

"पापड," सुंदरम म्हणाला.

तिला ते कळलं नाही. खाली उभ्या असलेल्या तिच्या बापाला कळलं. दुपारच्या पंगतीत काशी अय्यरने दोनदा पापड पुढे केला, तरी जावयाने घेतला नाही. अय्यरने तेल बदलून पाहिलं.

सीतापती काका व्याह्यांशी अबोला धरून संध्याकाळच्या गाडीने गेले. दोन वर्षं सुंदरम शनिवारी यायचा आणि रविवारी जायचा. गाडी रखडली की उलगू स्टेशनवर वह्या तपासत बसायची. तिसऱ्या वर्षी शिवकाशीच्या मुलींच्या शाळेत गणिताची जागा निघाली, आणि कुणी न सांगता उलगूने बदली मागून घेतली.

गोमतीशंकरन चिडला. "मग मी भर मांडवात तोंड उघडलं ते कशासाठी?"

"यासाठीच, अप्पा. कुणी जा म्हटलं नाही, कुणी सोड म्हटलं नाही. मला जावंसं वाटलं, मी चालले."

महिनाभर तो घुश्शात होता. मग एका शनिवारी तोच गाडीत बसला. शिवकाशीला उतरला, तर फलाटावर सीतापती काका. सुंदरमला छापखान्यात दिवाळीच्या कॅलेंडरांचं काम होतं, म्हणून त्याने त्यांना पाठवलं होतं.

"उशीर केलात," काका म्हणाले.

"गाडीने केला."

"ती पिशवी द्या इकडे."

गोमतीशंकरनने पिशवी दिली. आत कुप्पम्मा आत्याने पाठवलेल्या चकल्या होत्या, वजन बरंच होतं. काकांनी ती या हातातून त्या हातात घेतली, वास घेतला, आणि विचारलं, "घरी पोचेपर्यंत थांबायलाच हवं का?"