तक्रारीत तथ्य आढळले नाही

अण्णाजींच्या नव्या गाडीला आवाज होता. इंजिनाचा नव्हे, हॉर्नचा नव्हे; पुढच्या डाव्या चाकाच्या अंगानं 'कट, कट, खर्र' असा यायचा, आणि सर्व्हिस सेंटरचं फाटक दिसलं की चोरासारखा गप्प व्हायचा. दोनदा गाडी नेली. दोन्ही वेळा त्यांनी ती धुतली, पुसली, आत सुगंधी डबी चिकटवली आणि जॉबकार्डावर लिहून दिलं, 'तपासणी केली. आवाज आढळला नाही.'

दुसरा कुणी असता तर हे वाचून भांडला असता. अण्णाजी मात्र मनातल्या मनात चपापले. रस्त्यांच्या तक्रारी ज्या सरकारी कचेरीत येतात, अशा एका कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं बाबूगिरी केली होती. 'पाहणी केली. तक्रारीत तथ्य आढळून आले नाही' हे वाक्य त्यांच्या हाताला इतकं वळणी पडलं होतं की, एकदा पुतण्याच्या लग्नाची पत्रिका तपासायला दिली, तर तिच्याखालीही ते तेच लिहायला निघाले होते. पाहणी कशी करतात हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पाहणी खुर्चीत बसून करतात.

गोष्ट नुसत्या आवाजाची असती तर त्यांनी टेप मोठा लावून भागवलं असतं. पण गाडी घेतली होती ती बायकोसाठी, कमलाबाईंसाठी. त्यांचे गुडघे गेलेले, आणि त्यांची थोरली बहीण आनंदाबाई पवनारच्या पलीकडे शेतातल्या घरात राहायची. हमरस्त्यापासून दीड किलोमीटर पांदण, म्हणजे दोन्ही बाजूंनी शेतं आणि मधे बैलगाडीची वाट. पावसाळ्यात तिथे ऑटोवाला दुप्पट भाड्यालाही जात नसे. "यंदा पोळ्याले तुले अक्काच्या दारात उतरवतो," असा शब्द अण्णाजींनी गाडीला हार घालताना चार माणसांत दिला होता.

मग आखाडात एकदा रंगीत तालीम म्हणून निघाले, तर अर्ध्या पांदणीत 'कट, कट, खर्र' सुरू झालं. कमलाबाईंनी गाडी थांबवायला लावली आणि चिखलात उतरल्या.

"नवी गाडी अन् आवाज भंगाराचा! आवाज जाईपर्यंत मी ह्याच्यात पाय नाई ठेवत. चाक निखळलं तर तुम्ही काय सांगान, तथ्य नाई म्हणून?"

त्या तशाच काठी टेकत हमरस्त्याला लागल्या. आता पोळा नऊ दिवसांवर आला होता, बोरगावच्या घरासमोर गाडी झाकून उभी होती, आणि घरात बोलणं फक्त भाजीत मीठ किती एवढ्यापुरतं उरलं होतं.

तिसऱ्यांदा अण्णाजी सर्व्हिस सेंटरला गेले ते हट्टाला पेटूनच. काउंटरवर प्रेरणा नावाची मुलगी होती. वय पंचविशीच्या आत, पण कामात पक्की.

"सर, आवाज नेमका कुठे येतो? मागच्या दोन्ही कार्डांवर तुम्ही 'कुठेही' असं सांगितलंय."

"कुठेही म्हणजे..." अण्णाजी अडखळले. आवाज कुठे येतो हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. सांगायला जीभ रेटत नव्हती, एवढंच. "चला, दाखवतोच तुमाले."

प्रेरणा स्वतः चालवायला बसली. बोरगावच्या सिमेंट रस्त्यांवर गाडी लोण्यासारखी गेली. पिपरीला वळसा घातला, तरी चूं नाही. नागपूरच्या हमरस्त्यावर तर इतकी शांत की अण्णाजींना आपल्याच पोटातली गुरगुर ऐकू येऊ लागली. प्रेरणानं आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती, आणि ती अण्णाजींना सहन झाली नाही.

"पुढं धाम नदीचा पूल ओलांडा," ते हळूच म्हणाले, "अन् मग डावीकडे घ्या."

पांदणीला लागून दोनशे पावलं झाली नसतील, तोच 'कट! कट! खर्र!'

"ऐका!" अण्णाजी ओरडले. नातवाचं पहिलं रडणं ऐकतानाही त्यांचा चेहरा इतका फुलला नव्हता. "आला! ऐका, आला!"

प्रेरणानं गाडी थांबवली, चिखलात गुडघा टेकला आणि बॅटरी लावून चाकामागे पाहिलं. "आवाज खरा आहे सर. शॉकअप गेलाय, तेल गळतंय." अण्णाजी छाती फुगवून उभे राहिले. मग तिनं मागे वळून वाट पाहिली. चाकोऱ्यांत पिंढरीइतकं पाणी होतं, आणि मधे उगवलेल्या तरोट्यात एक म्हैस निवांत बसली होती. "पण हे वॉरंटीत नाही बसायचं. वाहतुकीला अयोग्य रस्त्यावर चालवून झालेलं नुकसान कंपनी देत नाही."

"अयोग्य काऊन?" चौतीस वर्षांची सवय तोंडातून आपोआप बोलली. "रस्ता योग्य आहे."

"काय म्हणलं, साडभाऊ?"

धुऱ्यावरच्या बाभळीमागून रूपराव बाहेर आले. आनंदाबाईंचे यजमान, अण्णाजींचे साडू. एका हातात विळा, दुसऱ्या हातात बैलांसाठी कापलेलं गवत, आणि चेहऱ्यावर अकरा वर्षं मुरलेलं हसू.

"बेटा, हे बरोबर सांगून राह्यले," रूपराव प्रेरणाला म्हणाले. "रस्ता एकदम योग्य हाय. सरकारी कागद हाय माह्याजवळ. थांबजो, आणतो."

अण्णाजींनी हातानं नको नको केलं, पण रूपराव घराकडे निघालेही होते. आले ते प्लास्टिकच्या पिशवीतला कागद घेऊन. वर शिक्का, खाली साहेबांकरिता केलेली लांब शेपटाची सही. तीच सही अण्णाजींनी जॉबकार्डावर केलेली प्रेरणानं आताच पाहिली होती. 'सदर पांदण रस्त्याची प्रत्यक्ष पाहणी केली असता, रस्ता बारमाही वाहतुकीस योग्य असल्याचे दिसून आले. तक्रारीत तथ्य आढळून आले नाही.'

"पाहणी केली होती मी," अण्णाजी पडेल आवाजात म्हणाले. "खोटं नाई ते."

"केलती नं! मे महिन्यात केलती. रस आमचा, पुरणपोळी आमची, दुपारची झोप आमच्या बाजीवर, अन् तक्रारीत तथ्य नाई!" रूपराव खदखदून हसले. "अकरा वर्षं झाली. पाहुणा आला का मी वाचून दाखवतो."

प्रेरणानं कागद दोनदा वाचला. "सर, हे चालू शकतं. सरकारी दाखला जोडला तर मी क्लेम पाठवते. फक्त तुम्ही आजच्या तारखेनं खाली लिहून द्या, की रस्ता आजही योग्य आहे. चार दिवसांत पार्ट बसेल, फुकट."

चार दिवसांत. म्हणजे पोळ्याच्या आत. तिनं पेन पुढे केलं. अण्णाजींनी ते घेतलं.

रूपराव आता हसत नव्हते. गवताचा भारा खाली ठेवून ते म्हणाले, "लिहा, साडभाऊ. तुमची गाडी सुधरत असन तर लिहा. फक्त एक सांगतो. तीन वर्षांआंधी भादव्यात हिचा पाय मोडला, तवा ह्याच रस्त्यानं चौघानं खाटेवर टाकून नेलतं तिले. गाडी आत येत नव्हती. खाट दोनदा कलली. तुमाले फोन करणार होतो, पण म्हटलं काऊन करायचा? तथ्य नाई त्यात."

अण्णाजींना अक्काचा पाय मोडल्याचं माहीत होतं. दवाखान्यात सफरचंदं घेऊन गेले होते ते. हमरस्त्यापर्यंत ती कशी आली, हे मात्र त्यांनी विचारलं नव्हतं. आता त्यांना लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. म्हशीनंसुद्धा मान वळवून पाहिलं.

मग त्यांनी पेन प्रेरणाला परत दिलं. "बाई, तुमचा क्लेम राहू द्या. तुम्ही मघाशी काय म्हणाल्या होत्या? रस्ता अयोग्य?"

"हो सर. पण मग वॉरंटी मिळणार नाही."

"नको मिळू दे. पण ते लिहून द्या. जॉबकार्डावर, कंपनीच्या शिक्क्यानिशी. 'प्रत्यक्ष पाहणी केली' हे पहिले लिहा. तुम्ही खरंच केली, चिखलात गुडघा टेकून केली. मग लिहा, 'रस्ता वाहतुकीस अत्यंत अयोग्य.' 'अत्यंत' विसरू नका. त्याच्याबिगर फाईल हलत नाही."

वॉरंटी नाकारल्यावर भांडणारी गिऱ्हाइकं प्रेरणानं पुष्कळ पाहिली होती. नकार ठळक अक्षरांत मागणारं हे पहिलंच. सेंटरला परतल्यावर तिनं लिहून दिलं. अण्णाजींनी शिक्का फिकट उमटला म्हणून तो पुन्हा मारून घेतला, आणि शॉकअप स्वतःच्या खिशातून बसवला.

घरी त्यांनी कमलाबाईंसमोर दोन्ही कागद ठेवले, रूपरावांकडून मागून आणलेला जुना आणि नवा. कमलाबाईंनी चष्मा लावून ते वाचले.

"म्हणजे आवाज रस्त्याचा होता."

"हो."

"मग हेच मी अकरा वर्षांपासून सांगून राह्यली होती नं?" असं म्हणून त्या उठल्या आणि चहा टाकला. त्यात साखरही होती.

पोळ्याच्या दिवशी गाडी हमरस्त्यापर्यंतच गेली. तिथे रूपराव ट्रॅक्टर घेऊन उभे होते. ट्रॉलीत प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत कमलाबाई, आणि मागे चपला हातात घेऊन चिखलातून अण्णाजी. दारात आनंदाबाई ओवाळायला बैलांची वाट पाहत होत्या. बहीण दिसली तशी ताट खाली ठेवून त्या रडायलाच लागल्या. कमलाबाईही रडल्या. मग दोघी मिळून अण्णाजींना बोलल्या, तेव्हा कुठे त्या दोघींची मनं भरली.

जेवणं झाल्यावर अण्णाजींनी खिशातून पांदणीच्या तक्रारीचा अर्ज काढला. विषय, संदर्भ, सोबत जॉबकार्डाची प्रत, सगळं जागच्या जागी. पोटभर पुरणपोळी खाऊन त्यांनी पेन उघडलं आणि कागदाच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे अर्ज घेणारा बाबू शिक्का मारून सही करतो, तिथे हात नेला.

रूपरावांनी त्यांचं मनगट धरलं आणि उजवीकडे सरकवलं.

"तिथं नाई, साडभाऊ. तक्रारदाराची सही इकडं असते."