एक कमी

शहराच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर तलाव आहे, दुसऱ्यावर बाग, आणि बाग बघून झाली की पाहुण्यांना शहरात करण्यासारखं काही उरत नाही. म्हणून पर्यटन खात्याच्या मॅडमनी शेवटचं पान काळं छापून घेतलं. एका तिकिटात तीन ठिकाणं: साथीच्या रोगांचं जुनं इस्पितळ, बंद पडलेलं शवागार आणि आठ वर्षांपूर्वी रिकामा झालेला तुरुंग. माणसं सुट्टी काढून, मुलांना नवे कपडे घालून दुसऱ्यांची दुःखं बघायला येऊ लागली. तलावावर आता फक्त बदकं असतात.

इस्पितळ दाखवणारी बाई रडायची. रोज चार फेऱ्या, चारही फेऱ्यांत त्याच खाटेपाशी. शवागारवाला कुजबुजत बोलायचा. ऐकू यावं म्हणून लोक जवळ सरकायचे आणि जवळ सरकले की आपोआप घाबरायचे. तुरुंग दाखवायला मात्र टोटलमामा होते.

मामा त्याच तुरुंगात एकतीस वर्षं वॉर्डर होते. सकाळ-संध्याकाळ कैदी मोजायचे. आकडा जुळला की फाटक उघडायचं, नाही जुळला तर खुद्द जेलरसाहेबांनाही बाहेर सोडायचं नाही, हे त्यांचं काम. एकतीस वर्षांत आकडा एकदाही चुकला नव्हता. टोटलमामा हे नाव कैद्यांनीच ठेवलेलं. निवृत्त झाल्यावर ते घरातले चमचे मोजू लागले. मग दोरीवरचे चिमटे. मामी शेजारी वाटीभर साखर देऊन आल्या, तर वाटी परत येईपर्यंत मामा दाराला कडी लावू देईनात. अखेर मामींनीच मॅडमना गाठून नवऱ्याला या कामाला लावलं आणि घरात जरा शांतता आली.

अडचण एवढीच, की मामांना खोटं बोलता येत नसे. कोणी डोळे मोठे करून विचारलं की फाशी कुठे द्यायचे, तर मामा सांगत, इथे नाही, इथे किरकोळ शिक्षेचे लोक असत. अंधारकोठडीपाशी ते म्हणत, वर्षाकाठी दोघं-तिघं यायचे. बाकी वेळ आम्ही बटाटे ठेवायचो, चांगले टिकतात. पाहुण्यांच्या अंगावर उठू पाहणारा काटा जागच्या जागी बसायचा.

तक्रारी आल्याच. मॅडम म्हणाल्या, "मामा, लोक घाबरायला येतात हो. तुम्ही त्यांना बटाटे सांगता." सोमवारी प्रवासी कंपन्यांचे लोक तुरुंग बघायला येणार होते. त्यांनी नाक मुरडलं तर मंगळवारपासून मामांच्या जागी एक नट येणार होता. त्याने मॅडमच्या टेबलापाशी उभं राहून तोंडाने साखळदंड वाजवून दाखवले होते म्हणे. हे ऐकून मामींनी धसकाच घेतला आणि घरातले सगळे चमचे शेजारी नेऊन ठेवले.

सोमवारी मॅडम धरून बावीस जण आले. मामांनी फाटकात मोजून घेतले, ती सवयच. मग नेहमीप्रमाणे सगळं खरं खरं सांगितलं. दोघांनी जांभया दिल्या, एकाने घड्याळ पाहिलं, मॅडम खिडकीच्या गजांकडे बघत राहिल्या. परत फाटकाशी आल्यावर मामांनी मोजलं. एकवीस. पुन्हा मोजलं. एकवीस.

मामांनी फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली आतल्या खिशात टाकली. "एक कमी आहे. दोन-दोनच्या रांगेत खाली बसा."

आधी सगळे हसले. मग मॅडमनी जरा अधिकाराने सांगून पाहिलं. मामा म्हणाले, "मॅडम, तुम्हीपण बसा." त्या आवाजात एकतीस वर्षं होती. मॅडम बसल्या.

पाऊण तासात लोक वाळून गेले. एक बाई मुसमुसू लागल्या. एका धिप्पाड मालकांनी, कोणी विचारलेलं नसताना, कबूल करून टाकलं की त्यांच्या जाहिरातीतला समुद्र त्यांच्या हॉटेलातून दिसत नाही. मामा एकेक कोठडी तपासत गेले, तेव्हा बाविसावा माणूस अंधारकोठडीत सापडला. एका कंपनीचे व्यवस्थापक होते, कोट उशाला घेऊन गाढ झोपलेले. "नऊ दिवस दौऱ्यावर आहे," ते अपराधी चेहऱ्याने म्हणाले, "इथे पहिल्यांदाच कोणी मला काही दाखवत नव्हतं."

बावीस झाले. फाटक उघडलं.

बाहेर पडताच सगळ्यांना शब्द फुटले. इतकं खरं भय कुठल्याच शहरात मिळालं नाही, असं एकूण एक कंपनीने लिहून दिलं. मॅडमनी मामांना कार्यालयात बोलावून बड्या पाहुण्याला देतात तशी खुर्ची दिली आणि सांगितलं, उद्यापासून प्रत्येक फेरीत एक कमी निघाला पाहिजे.

"कोण कमी?"

"कोणी नाही. नुसतं म्हणायचं."

मामांनी किल्ली टेबलावर ठेवली. "बावीस असताना एकवीस म्हणायचं? नाही जमणार. नटाला बोलवा." आणि घरी आले.

मामींनी सगळं ऐकून घेतलं. नवरा आता कायमचा घरी बसणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. "अहो, मी लोकांबरोबर आत आले आणि आतच राहिले, तर एक खरंच कमी होईल ना?" मामांनी बराच वेळ विचार केला. खोट सापडेना. म्हणाले, फाटकात मोजून घ्यावं लागेल. मामी म्हणाल्या, घ्या.

आता मामी रोज विणकामाची पिशवी घेऊन पहिल्या फेरीत शिरतात आणि अंधारकोठडीत, दाराच्या झडपेतून येणाऱ्या उजेडात विणत बसतात. मामा लोकांना दोन-दोनच्या रांगेत बसवतात, वीस मिनिटं एकेक कोठडी क्रमाने तपासतात, मामींना घेऊन येतात आणि फाटक उघडतात. मग दुसऱ्या फेरीत मामी पुन्हा आत. नट अजून साखळदंडांचा सराव करतोय, असं कळतं.

परवा मात्र मामांनी कोठडी उघडून "चला" म्हटलं, तर मामींनी मान वर केली नाही.

"टाके मोजतेय. एकशे बारा झालेत. बोलू नका."

दुसरा कोणी नवरा असता तर बोलला असता. मामांनी दार आवाज न करता लोटून घेतलं आणि ते फाटकाशी आले. अडतीस माणसं श्वास रोखून बसली होती. पुढच्या रांगेतल्या एकाने, सापडलं का कोणी, असं हळूच विचारलं.

"सापडलं," मामा म्हणाले, "पण मोजणी चालू आहे." आणि तेही रांगेच्या टोकाला जाऊन खाली बसले.