खंडेनवमीचा पंप

दौलतरावनं ट्रॅक्टर आणला त्या दिवशी गाव पोट धरून हसलं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा परदेशी ट्रॅक्टर, रंग उडालेला, एका मडगार्डला मूठ जाईल एवढं भोक. मिलिटरीच्या लिलावातला तो डबा तळेगावच्या रस्त्यानं चाकणात आला, तोही दुसऱ्याच्या ट्रकमागं साखळीनं बांधून. दौलतरावचा थोरला भाऊ गेनबा वेशीत उभा होता. त्यानं ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "दौल्या, आणलंस ते आणलंस, पण दूध किती देतं?"

हसणाऱ्यांत मीही होतो. माझी पेठेत पिठाची गिरणी. गिरणीला ऑइल इंजिन असल्यामुळं इंजिनातलं मला कळतं असा गावाचा समज होता आणि तो मी कधी मोडला नाही. खरं म्हणजे इंजिन अडलं की दोन शिव्या आणि एक लाथ, एवढंच माझं शास्त्र. दौलतरावचं तसं नव्हतं. तो फौजेत मोटारदुरुस्तीच्या कामावर होता. हात काळे असले तरी डोकं स्वच्छ. असा माणूस उगाच डबा आणणार नाही, हे मला दोन दिवसांनी कळलं आणि मी गिरणी गड्यावर टाकून त्याच्या पडवीत जाऊन बसायला लागलो.

त्याच्या बायकोचं नाव सुभद्रा. लग्नानंतर महिना झाला नाही तोच दौलतराव पलटणीत गेला, तो वर्षा-दोन वर्षांनी रजेवर यायचा. बाई सासरच्या घरात राबत राहिली. आल्यागेल्या बायका पोराबाळाचं विचारायच्या आणि ही पदर डोक्यावर ओढून चुलीकडं वळायची. आता कुठं नवरा फौज सोडून घरी आला होता. पण रान थोडं, आणि ते गेनबाच्या एका बैलजोडीला पुरून उरत नव्हतं. दुसऱ्या माणसाला त्यात करायला काही नव्हतं. पिंपरीला नवा औषधाचा कारखाना निघाला होता, तिथं दौलतराव दोनदा जाऊन आला. दोन्ही वेळा फाटकावरनंच परतला. उरला हा ट्रॅक्टर. तो चालू करायचा, पंचक्रोशीतली रानं भाड्यानं नांगरून द्यायची आणि गावात राहायचं.

आणि नाहीच चालू झाला तर? पंजाबात मोठं धरण चाललं होतं. दौलतरावच्या जुन्या सुभेदारानं त्याला तिथं बुलडोझरवर बोलावलं होतं. पत्र्याच्या छपरात राहायचं, बायकामाणसांची सोय नाही. एकदा गेला की किती वर्षं, ते सुभेदारालाही माहीत नव्हतं.

"दसऱ्याला ट्रॅक्टर रानात उतरला तर मी हितं," दौलतराव चहा पिता पिता म्हणाला. "न्हाई उतरला तर सुभेदाराला होकार कळवतो."

सुभद्रावहिनी कपबशा उचलत होती. तिनं नवऱ्याकडं बघितलंच नाही. मला विचारलं, "भावजी, हुईल ना हो चालू?"

"न व्हायला काय झालं?" मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

दुखणं डिझेलच्या पंपात होतं. माझ्या गिरणीच्या इंजिनाला एकच प्लंजर, याला चार. प्लंजर म्हणजे बोटाएवढी पोलादी दांडी, तिच्याच मापाच्या नळीत वर-खाली होणारी. दांडी आणि नळी एकमेकींत इतक्या नेमक्या बसतात, की मधून डिझेलसुद्धा निसटत नाही. म्हणून दाब येतो, म्हणून इंजिनात फवारा उडतो. वर्षानुवर्षं उभं राहून आतलं डिझेल चिकट झालं होतं आणि एक प्लंजर नळीत गच्च अडकला होता. चारीही दांड्यांवर काळपट तपकिरी थर बसला होता.

दौलतरावनं सगळं खोलून रॉकेलात भिजत घातलं. कोंबड्या हाकलल्या, पडवी झाडायची बंद केली, मला विडी ओढायला अंगणात पाठवलं. दिवसभर त्याचं एकच पालुपद, "कचरा हा ह्याचा काळ हाय. येवढासा कण गेला तरी खेळ खलास." वहिनी उंबऱ्यात बसून ऐकायची. आपलं जुनं लुगडं फाडून तिनं रॉकेल दोनदा गाळून दिलं. आमच्यापैकी कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं.

एका दुपारी अडकलेला प्लंजर सुटला. दौलतरावनं तो धुतला, नळी उभी धरली आणि दांडी वर ठेवून बोट काढून घेतलं. दांडी आपल्या वजनानं हळूहळू, अगदी सावकाश खाली उतरली. "बघ, बघ सुभद्रे!" तो ओरडला. "ढकलाय लागत न्हाई, पडतबी न्हाई. असं पायजे!" मी त्या बाईला इतकं हसताना आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

आता अडलं होतं ते एका स्प्रिंगवर. पंपातली एक बारीक स्प्रिंग मोडलेली निघाली. मुंबईच्या दुकानदाराकडं आधीच विचारणा केली होती. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं, हे मॉडेल कंपनीनं कधीच बंद केलं, सुटे भाग मिळणार नाहीत. पण स्प्रिंग मापात बसली की झालं. तेव्हा पुण्याचा जुना बाजार धुंडायला दौलतराव यष्टीनं गेला. प्लंजर आणि नळ्या रॉकेलच्या ताटात, वर फडकं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा. विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, सगळं घासूनपुसून देवापुढं मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, दसऱ्याला पूजा उचलली की मग काम. मीही गिरणी बंद ठेवली होती आणि माझे पाने देवघरात बसले होते. संध्याकाळी मी पेठेतून येतो तर समोरून यष्टीतून उतरलेला दौलतराव. खिशातली पुडी त्यानं मला लांबूनच दाखवली. स्प्रिंग मिळाली होती. आम्ही गप्पा मारत त्याच्या घरी गेलो.

वहिनी दारातच उभी होती. नवी चोळी, अंबाड्यात झेंडू. "आत या, देवाकडं बघा आधी," म्हणाली.

देवापुढं पाट होता. पाटावर चार प्लंजर आणि चार नळ्या ओळीनं उभ्या. प्रत्येकीला हळदकुंकू, प्रत्येकीपुढं एक फूल. मागं देवाचे चांदीचे टाक होते. समईच्या उजेडात टाक जास्त चकाकतात की प्लंजर, सांगता आलं नसतं.

"काळं बसलं हुतं बघा," वहिनी सांगायला लागली. "रॉकेलानं निघंना. मग चिंच लावली आन् राखुंडीनं घासलं, काथ्यानं. सकाळपासनं ह्येच चाललंय. नळ्यांत बोट जाईना, तर काडीला चिंधी गुंडाळून आतनं राख फिरवली. एक कण ठिवला न्हाई, अवो. तुमी म्हनला हुता ना, कचरा हा ह्याचा काळ?" चिंचेनं तिच्या बोटांची टोकं उलली होती.

दौलतराव खाली बसला. पुडी त्याच्या मुठीत होती. पाटावरचं एक फूल त्यानं सरळ केलं आणि म्हणाला, "लई झ्याक झालंय."

मला वाटलं, त्याच्या लक्षात आलेलं नाही. पण मला अंगणात नेऊन त्यानं हळू आवाजात सांगितलं, "राख पोलाद खाती, यशवंतराव. केसाच्या कितव्या भागाचं माप असतं त्येचं. गेलं सगळं." मग माझं मनगट धरलं. "तिला कळता कामा न्हाई. तुमाला माझी आन हाय."

मला भयंकर चीड आली. कुणाची, ते धड सांगता येत नाही. बाईची म्हणावी, तर तिनं नवऱ्याचा शब्द पाळला होता. नवऱ्याची म्हणावी, तर तो खोटं काहीच बोलला नव्हता. मग राहिला देव. त्याच्यापुढं सगळं मांडलेलंच होतं, त्यालाही काही वाटलं नाही.

दसऱ्याला सकाळी वहिनीनं पूजा उचलली. दौलतरावनं एक दांडी धुऊन उभ्या नळीवर ठेवली आणि बोट काढलं. दांडी सुटली ती टक्कन तळाला. दुसरी, तिसरी, चौथी, सगळ्यांची तीच गत. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. नवी स्प्रिंग बसवली, पंप जोडला, डिझेलच्या पाइपांतली हवा काढली, सगळं नेटकं, एक पायरी न चुकवता. मेलेल्या माणसाला अंघोळ घालतात तसं. मग हँडल मारायला घेतलं. आम्ही दोघं आळीपाळीनं घामाघूम झालो. इंजिनापाशी पाइप सैल करून बघितला, तर डिझेल नुसतं ओघळत होतं. जोर म्हणून नव्हता.

दुपारी गेनबा आला, न बोलावता. बरोबर त्याची बैलजोडी, चांद्या आणि हौश्या, दसऱ्याच्या झुली अंगावर. गेनबा खिदळेल म्हणून मी तोंडावर शिवी तयार ठेवली होती. पण त्यानं गुमान झुली काढल्या आणि बैलांचा दोर ट्रॅक्टरला बांधला. "उतारावनं ओढून बघू," एवढंच म्हणाला.

नदीच्या उतारावर आम्ही ट्रॅक्टर ओढला. सोनं लुटायला निघालेलं गाव दुतर्फा उभं. बैल पुढं धावत, दौलतराव गिअर टाकी, इंजिन चार गचके खाई आणि चाकं फरफटत थांबत. पुन्हा वर ओढायचा, पुन्हा खाली सोडायचा. एकदा धुराड्यातून पांढऱ्या धुराचा एक लोट निघाला. वहिनी बांधावर होती, तिनं दोन्ही हात तोंडावर नेले. मीसुद्धा त्या क्षणी नवस बोलून टाकला. धूर विरला, मागून दुसरा आला नाही.

उन्हं कलली तरी आमचं तेच चाललं होतं. बैलांच्या तोंडाला फेस आला तेव्हा गेनबानं दोर सोडला. "बैलं दमली, दौलू," तो म्हणाला. दौल्याचा दौलू त्यानं पहिल्यांदाच केला होता. दौलतराव ट्रॅक्टरवरून उतरला, बांधावर गेला आणि आपट्याचं पान वहिनीच्या हातात ठेवलं.

"पंपच जुना," तो तिला म्हणाला. "स्प्रिंग मापाची न्हाई गावली. तू घासलंस म्हनून निदान धूर तरी निघाला."

दिवाळीला थांब म्हणून गेनबानं गळ घातली, पण तो थांबला नाही. फौजेतलीच ट्रंक घेऊन धरणावर गेला. पंप सोडवून प्लंजर घरी ठेवून गेला, ट्रॅक्टर बांधावरच राहिला. पेठेतले काही शहाणे गिरणीत येऊन मला सांगायचे, परदेशी लोखंडाला देवघरात बसवल्यावर असंच व्हायचं. त्यांचं पीठ मी मुद्दाम जाडंभरडं दळून दिलं.

एक दिवस वहिनी ज्वारी घेऊन आली. दळण झालं तरी डबा उचलेना. गिऱ्हाइकं गेल्यावर तिनं विचारलं, "भावजी, राखंनं झालं का हो त्ये?"

"छे, वहिनी. पंपच जुना. स्प्रिंग मापाची नाही मिळाली."

तिनं मान हलवली. "त्येबी आसंच म्हनले. ह्याच शब्दांत." तिनं डबा डोक्यावर घेतला आणि गेली. इंजिन चालू होतं म्हणून बरं, नाहीतर माझं रडणं पेठेला ऐकू गेलं असतं.

वर्ष गेलं. दौलतराव रजेवरही आला नाही, धरणावर रजा नव्हती. पुढच्या खंडेनवमीला मी दौलतरावच्या घरी गेलो. देवघरात पूजा मांडलेली होती, पण विळ्यावर गंज तसाच, फाळाची माती तशीच. टाक इतके काळे पडले होते की कुठला देव कोणता ते ओळखू येईना. पाटाच्या कडेला चार पुरचुंड्या होत्या. प्रत्येकीत एक दांडी आणि तिची नळी, गाळलेल्या डिझेलात भिजवलेल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली. त्या कशा जपायच्या, ते ती आता शिकली होती.

"वहिनी," मी म्हणालो, "वर्षाचा सण आहे. देवाचे टाक तरी घासायचे."

"नगं," ती म्हणाली. "माज्या हातानं घासलेलं घरात ऱ्हात न्हाई, भावजी."

तिनं मला प्रसादाचं खोबरं दिलं. ते मुठीत धरून मी गिरणीवर आलो. गिरणी त्या दिवशी बंदच होती, इंजिनाचा आवाजही नव्हता.