रंग उतरेपर्यंत

मित्रांनो, मी नगरपालिकेची एक जुनी लोखंडी बादली आहे, आणि आज मला अजिबात धीर धरवत नाही! का, ते सांगते.

चांदूर बाजारच्या लोहाराने मला घडवले. अंगावर पांढरी अक्षरे रंगवली आणि मी सरकारी झाले. केवढी ऐट होती माझी!

एका उन्हाळ्यात शेजारच्या गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. दुसऱ्या दिवशी आमचा बाजार. गावोगावची माणसे आमच्याच विहिरीचे पाणी पिणार! नगरपालिकेच्या सॅनिटरी साहेबांनी माझ्यात जंतू मारणारे लाल औषध कालवून विहिरीत ओतले. पाणी जांभळे झाले. दवंडी पिटली, "रंग जाईपर्यंत पाणी काढू नका!"

साहेबांची पाठ वळताच पाणी भरायला आलेल्या मनकर्णाबाई ओरडल्या, "पाणी नासलं वं माय! उपसा सारं!"

उन्हाळ्याने पाणी आधीच तळाला गेले होते. बायांनी घागरीमागून घागर नालीत ओतली. रंग गेला, आणि औषधही वाहून गेले. त्यांना वाटले, विहीर वाचवली!

साहेबांनी कपाळाला हात लावला. पुन्हा औषध ओतले, दंडाची धमकी दिली. कोण ऐकते? बाया पुन्हा घागरी घेऊन आल्या. तेव्हा पिंजाऱ्यांची फरजाना पुढे झाली. तिने रहाटाचा दोर सोडला, वेटोळे केले आणि त्यावरच बसली.

"बाळापुरात माही बहीण याच बिमारीनं गेली. मी नाई उठत."

"काहून अडून बसली वं? घरी हंडे खाली हायेत!"

"हंडे खाली हायेत, मनकर्णाबाई. पाळणे तं भरले हायेत ना?"

मनकर्णाबाईंनी घागर खाली ठेवली. मग दोरावर टेकत म्हणाल्या, "सरक तिकडं. एकटी किती वखत बसशीन?"

अधूनमधून त्याच दोराने मला आत सोडून वर ओढत आणि दोघी माझ्या पोटात वाकून बघत. जांभळा, मग गुलाबी... बाजाराच्या सकाळी माझ्यात नुसते आभाळ दिसले! "उतरला रंग!" बाया नाचल्याच. त्या वर्षी पटकी आमच्या गावात शिरली नाही.

पुढे नळ आले. मी गोदामात गंजले, बुडाला भोक पडले. विहीर पिशव्या-बाटल्यांनी बुजली.

पण आज मला काठावर आणले आहे, आणि मनकर्णाबाईंची नात दामिनी सकाळपासून विहिरीत उतरून गाळ काढते आहे. आत्ताच तिची आरोळी आली, "झरा लागला! बादली सोडा!"

मित्रांनो, पुन्हा विहिरीत कचरा टाकू नका. आणि आता उभे काय राहिलात? मला दोर बांधा! भोक आहे, पण तुम्ही भराभर ओढा. ओंजळभर तरी वर आणीनच.