लवूचा टेकू

पृथ्वी शेषाच्या फण्यावर तोललेली आहे आणि घाटकोपरच्या डोंगरावरची आमची वस्ती लवू परबाच्या टेकूवर. टेकू म्हणजे नारळाएवढा एक दगड.

वस्तीच्या माथ्यावर दोन खोल्यांएवढा धोंडा आहे. हिमालयातून बर्फावर बसून तो समुद्र बघायला निघाला आणि दमून इथे टेकला; दम ओसरला की पुन्हा निघेल, अशी सगळ्यांची खात्री. म्हणून नव्या बिऱ्हाडाने आधी त्याच्याखाली एक दगड सारायचा आणि म्हणायचं, "बस बाबा, घाई नाही." मीही सारला. मी नास्तिक आहे, पण माझं घर उतारावर आहे.

लवूचं घर धोंड्याच्या थेट खाली. गिरणीतून आला की तो आधी वर जाऊन टेकू चाचपायचा, मग जेवायचा. संपात गिरणी गेली, हे काम राहिलं. छातीत पाणी झालं तेव्हा बायको, जानकी, त्याला हाताला धरून वर न्यायची. पंच्याऐंशीच्या श्रावणात तो गेला. मग ती एकटीच वर जाऊन टेकू चाचपू लागली.

शहाऐंशीत सरकारी नोटीस आली: धोंडा धोकादायक, खालची घरं रिकामी करा. आम्ही धावपळ करून पवईहून उत्तरा नावाची तरुण भूशास्त्रज्ञ आणली. तिने धोंडा चहूकडून ठोकला, चार टेकू उपसले, खाली बॅटरी मारली.

"बर्फ धोंडे वाहून नेतो ते थंड मुलखात," ती म्हणाली. "घाटकोपरला बर्फ मासळीच्या टोपलीपलीकडे गेलेला नाही. हा इथलाच, खालच्या कातळाशी एकजीव. घरं सुरक्षित आहेत. तसं लिहून देते."

टाळ्या पडल्या. शेजारचा धोंडू पहार घेऊनच आला. "झकास! टेकू काढून पायऱ्या बांधू या!"

उपसलेल्या दगडांतला लवूचा दगड जानकीच्या मांडीवर होता.

"म्हंजे टेकूची गरज नाय होती?"

"नाही, मावशी."

"कधीच?"

"कधीच नाही."

ती दगडावरची माती पदराने पुसत राहिली. "बावीस वर्सां माझो घोव जेवच्या आधी हयसर येय."

धोंडूने पहार खाली ठेवली. उत्तराने जानकीकडून दगड घेतला, गुडघे टेकून तो होता तिथे सारला, हातोडीचे दोन ठोके दिले.

जानकीने वाकून चाचपून पाहिलं.

"बाय, आजून वायच भितर ठोक. खाली माझा घर आसा."